जाड, तिरपं अक्षर आणि आपली शिरोरेषा

गेल्या वर्षी आमच्या चर्चच्या सणाच्या मिस्सेसाठी पत्रक तयार करायचं काम माझ्याकडे आलं. चार पानं, काही भाग मराठीत, काही इंग्रजीत. "तू साहित्याची विद्यार्थिनी, तुला जमेल," म्हणून फादरांनी कागद हातात दिले. मीही उत्साहानं बसले. धर्मगुरूंनी म्हणायचं ते साध्या अक्षरात टाइप केलं, आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचे प्रतिसाद उठून दिसावेत म्हणून ते निवडून बोल्ड आणि इटॅलिक ही दोन्ही बटणं दाबली. इंग्रजीला टाइम्स न्यू रोमन, मराठीला कॉम्प्युटरवर जो फॉन्ट होता तो. पडद्यावर झकास दिसलं. झेरॉक्स काढल्या आणि बाकांवर ठेवल्या.

नेहमीचे प्रतिसाद लोकांना तोंडपाठ असतात, पण सणासाठी लिहिलेल्या विनंत्यांचे प्रतिसाद नवे होते. इंग्रजीतले बरे गेले. मराठीतले आले तेव्हा मागची तरुण मुलं कशीबशी म्हणाली आणि पुढच्या बाकांवरची म्हातारी माणसं गप्प राहिली. खरं तर ते पत्रक त्यांच्यासाठीच होतं. घरी येताना आजीनं कागद डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "काय गं हे, अक्षरं सगळी पडायला लागल्यात की!"

तेच बटण, तोच कागद, तीच शाई. मग इंग्रजीला जे शोभलं ते मराठीत का पडलं? या प्रश्नामागे लागले आणि त्या जाड, तिरप्या, टाचवाल्या अक्षराची पुष्कळ माहिती गोळा झाली. ती इथं मांडते आहे. आपल्यापैकी बहुतेकजण रोज काही ना काही टाइप करतात, तेव्हा उपयोगी पडेल.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करून घेऊ. रोमन अक्षराच्या दांड्याच्या टोकाला जी बारीक आडवी टाच असते ती सेरिफ. अक्षर उजवीकडे झुकलेलं आणि हाताच्या वळणाचं असेल तर ते इटॅलिक. दांडा नेहमीपेक्षा जाड असेल तर बोल्ड. आज या तिन्ही गोष्टी एकाच अक्षरात सहज भेटतात, म्हणून त्या एकाच घरात जन्मल्या असं वाटतं. पण तिघींची वयं फार वेगळी आहेत.

सेरिफ सर्वांत जुनी. प्राचीन रोममध्ये दगडात कोरलेल्या मोठ्या अक्षरांवर ती ठळक दिसते. इटॅलिक आलं ते छपाईच्या काळात, व्हेनिस शहरात. तिथं आल्डुस मानुतियस नावाचा विद्वान मुद्रक होता आणि त्याच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो हा कारागीर टाइपाचे ठसे कापत असे. सन १५०० मध्ये आल्डुसनं सिएनाच्या संत कॅथरीनची पत्रं छापली. त्या पुस्तकातल्या चित्रात संत कॅथरीनच्या हातात एक उघडं पुस्तक आणि एक हृदय आहे, आणि त्यांवर येशूच्या नावाचे मोजके शब्द तिरप्या टाइपात आहेत. छापील इटॅलिकचा हा पहिला ज्ञात वापर. एका कॅथलिक संताच्या हातातून हे अक्षर जगात आलं, हे वाचून मला उगाचच आनंद झाला. पुढच्याच वर्षी, १५०१ मध्ये, आल्डुसनं व्हर्जिलच्या कविता लहान आकाराच्या पुस्तकात छापल्या, आणि त्यातला सगळा मजकूर इटॅलिकमध्ये होता.

हे वळण त्यानं उचललं ते त्या काळच्या इटालियन विद्वानांच्या आणि दफ्तरांतल्या लेखनिकांच्या हातातून. भरभर लिहिताना बोरू कमीत कमी उचलावा लागतो, अक्षर अरुंद होतं, थोडं पुढं झुकतं आणि शेजारच्याला धरायला बघतं. म्हणजे तिरपेपणा ही घाईची खूण आहे. गंमत म्हणजे आल्डुसच्या इटॅलिकमध्ये फक्त लहान अक्षरं तिरपी होती. मोठी अक्षरं सरळच उभी असत. मोठी अक्षरं झुकली ती नंतर.

इथं मला आपली गोष्ट आठवली. आपल्याकडेही दोन वळणं होती. पोथीसाठी बाळबोध आणि दफ्तरासाठी मोडी. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग हात न उचलता अक्षरं गोल वळवत ओळ संपवायचा. सरळ रोमन आणि इटॅलिक यांचं मूळ नातं बाळबोध आणि मोडीसारखंच म्हणता येईल: एक सावकाश, एक धावतं. फरक पुढं पडला. युरोपात धावतं अक्षर सरळ अक्षराच्या घरात नांदायला आलं आणि एकाच ओळीत दोघं बसू लागली. आपल्याकडे तसं झालं नाही. मोडीचे खिळे पडले होते. विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० मध्ये मोडी टाइपात छापला गेला. पण छपाईत बाळबोध जिंकली, मोडी दफ्तरात राहिली आणि पुढं दफ्तरातूनही गेली. त्यामुळे बाळबोध ओळीत मधेच एक शब्द मोडीत, अशी रीत कधी पडलीच नाही. पडली असती तर कदाचित तेच आपलं खरं इटॅलिक झालं असतं.

युरोपात दोन्ही टाइप एका पानावर आल्यावर इटॅलिकला वेगळं काम मिळालं: "हा शब्द बाकीच्यांसारखा नाही" एवढं सांगणं. पण वेगळा म्हणजे महत्त्वाचा असंच नाही. १५६० च्या जिनिव्हा बायबलमध्ये अनुवादकांनी अर्थ पुरा करण्यासाठी पदरचे जे शब्द घातले ते इटॅलिकमध्ये आहेत. म्हणजे तिथं तिरपं अक्षर सांगतं की हा शब्द मुळात नाही, आम्ही घातलाय. हे कळल्यावर इटॅलिक म्हणजे जोर, ही माझी शाळेपासूनची समजूत गेली. इटॅलिक आवाज बदलतं. तो वाढेलच असं नाही.

आवाज वाढवायचं काम बोल्डचं, आणि बोल्ड या घरात सर्वांत धाकटं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिराती आणि भिंतीवरची पत्रकं वाढली. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाचं लक्ष ओढायचं तर पुस्तकी अक्षर पुरेना. मग दांडे फुगवून फुगवून 'फॅट फेस' म्हणतात तसले जाडजूड टाइप निघाले. त्यांत सरळ होते तसे तिरपेही होते, म्हणजे जाड तिरप्या सेरिफ अक्षराचं पहिलं खरं घर पुस्तक नव्हे, बाजार. १८४५ मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीतल्या रॉबर्ट बेझलीनं क्लॅरेंडन नावाचा टाइप काढला. तो इतका आटोपशीर जाड होता की साध्या मजकुरात मधेच वापरला तरी ओळ बिघडत नसे. कोशातले मुख्य शब्द त्यात छापू लागले. पानावरून बोट फिरवताना शब्द पटकन सापडायचा, ही त्याची कमाई.

एकाच टाइपाचे साधा, इटॅलिक, बोल्ड आणि बोल्ड इटॅलिक असे चार भाऊ असावेत ही कल्पना मात्र विसाव्या शतकात पक्की झाली. त्याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे टाइम्स न्यू रोमन, ज्यात आपण ट्युटोरियल लिहून देतो.

हा टाइप लंडनच्या 'द टाइम्स' या वर्तमानपत्रासाठी तयार झाला. तुमची छपाई जुनाट आहे, अशी टीका स्टॅन्ली मॉरिसन यांनी केली होती. मग सुधारण्याचं काम त्यांनाच मिळालं. मॉरिसन मोनोटाइप कंपनीचे सल्लागार होते आणि तरुणपणी कॅथलिक झालेले होते. त्यांच्या देखरेखीखाली टाइम्सच्या जाहिरात विभागातले व्हिक्टर लार्डेंट यांनी अक्षरं रेखाटली. ३ ऑक्टोबर १९३२ रोजी वर्तमानपत्र नव्या टाइपात निघालं. १९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर तो घरोघरच्या कॉम्प्युटरवर आला, चारही भावांसकट.

आता त्यातला बोल्ड इटॅलिक जरा निरखून बघा. साध्या टाइपातल्या लहान 'ए'ला वर एक छप्पर असतं. इटॅलिकमध्ये ते जातं आणि हातानं काढतो तसा गोल पोटाचा 'ए' उरतो. लहान 'एफ' ओळीच्या खाली शेपूट सोडतो. 'एन' आणि 'एम' यांच्या पायाखालच्या आडव्या टाचा जाऊन शेवटी वर वळणारा एक छोटा फटकारा येतो. म्हणजे इटॅलिक करताना सेरिफचं रूपांतर बोरूच्या शिरण्या-निघण्याच्या खुणेत होतं. अक्षर सुमारे १५-१६ अंश झुकतं. जाडी वाढते ती मुख्यतः उभ्या दांड्यांत. जोडणाऱ्या रेघा बारीकच राहतात, त्यामुळे जाडपणा येऊनही आतली पोकळी बुजत नाही. डोळा त्या पोकळीवरूनच अक्षर ओळखतो.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. या चारही भावांमध्ये आकड्यांची रुंदी सारखीच आहे. सगळे आकडे बरोबर अर्ध्या एमचे, म्हणजे टाइपाच्या उंचीच्या निम्म्या रुंदीचे. हिशेबाच्या रकान्यात एकच बेरीज जाड तिरपी केली तरी आकडे एकाखाली एक नीट बसतात. असा विचार कोणीतरी आधी करून ठेवलेला असतो आणि आपण नुसतं बटण दाबतो.

मग हा चौथा भाऊ वापरायचा कुठं? खरं सांगायचं तर फार थोड्या ठिकाणी. पहिली जागा, जाड मथळ्याच्या आत. मथळा बोल्ड आहे आणि त्यात पुस्तकाचं नाव किंवा एखाद्या झाडाचं शास्त्रीय नाव आलं, जे इंग्रजीत इटॅलिकमध्येच लिहायचं असतं, तर दोन नियम एकाच शब्दावर येतात आणि बोल्ड इटॅलिकला पर्याय नसतो. दुसरी जागा गणित आणि भौतिकशास्त्राची: आंतरराष्ट्रीय संकेताप्रमाणे साध्या राशीचं चिन्ह इटॅलिक आणि सदिश राशीचं बोल्ड इटॅलिक असतं. तिथं जाडपणा ही सजावट नाही. तो चुकला तर अर्थ चुकतो. तिसरी जागा कोशांची, जिथं एका नोंदीत चार-पाच प्रकारची माहिती असते आणि प्रत्येकीला वेगळा पोशाख लागतो. चौथी जागा जाहिरात, लग्नपत्रिका, दुकानाची पाटी. आमच्या बेळगावात पाट्यांवर तीन लिप्या शेजारी शेजारी असतात, तेव्हा हे रोज बघायला मिळतं. लांब परिच्छेद मात्र त्यात कधी लावू नये. जाड अक्षर थांबवतं, तिरपं पळवतं. दोन्ही मिळून दोन-चार शब्द पेलतात, पानभर मजकूर पेलत नाही.

आमच्या मिस्सेच्या पुस्तकांतही हीच शिस्त आहे. वेदीवरच्या मोठ्या ग्रंथात म्हणायचे शब्द काळ्या शाईत आणि करायच्या कृतीच्या सूचना लाल शाईत असतात. त्या सूचनांना रुब्रिक म्हणतात. लॅटिनमधल्या 'लाल' या शब्दावरूनच हे नाव आलं. झेरॉक्सला लाल रंग परवडत नाही, म्हणून पत्रकांत लालच्या जागी इटॅलिक येतं. आणि लोकांचे प्रतिसाद बोल्डमध्ये असतात. एक आवाज करू नका म्हणतो, दुसरा सगळ्यांनी म्हणा म्हणतो. मी प्रतिसादांना दोन्ही लावून एकाच वाक्याला "गप्प राहा" आणि "मोठ्यानं म्हणा" असं सांगितलं होतं. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक देवनागरीची. माझ्या मराठी फॉन्टला स्वतःचं बोल्ड इटॅलिक नव्हतंच. अशा वेळी सॉफ्टवेअर ते 'नाही' म्हणत नाही. ते साध्या अक्षराची कड सगळीकडून सारखी फुगवतं आणि मग आख्खं अक्षर ढकलून तिरकं करतं. टाइम्समध्ये 'ए'नं रूप बदललं, 'एफ'नं शेपूट सोडली. इथं कोणी काही बदललं नाही, नुसता धक्का बसला. आणि कड सगळीकडून फुगल्यामुळे आतली पोकळी बुजली. देवनागरीत तर एकावर एक मजले असतात. वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, मधे जोडाक्षर. 'मूर्तींच्या' एवढ्या एका शब्दात बघा, 'ती'च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि टिंब एकाच जागी दाटी करून उभे. ते फुगले की त्यांचा एक डाग होतो, आणि झेरॉक्समध्ये शाई पसरून उरलीसुरली फट जाते.

त्याशिवाय रचनेचाच एक फरक आहे. रोमन अक्षर खालच्या ओळीवर उभं असतं. ते झुकलं तर चालत्या माणसासारखं दिसतं. आपलं अक्षर वरच्या शिरोरेषेला लटकलेलं असतं. शिरोरेषा आडवीच राहते आणि खालचे काने तिरपे होतात, तेव्हा दोरीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्यानं एका बाजूला उडावेत तसं वाटतं. आजी म्हणाली ते अक्षरशः खरं होतं. म्हणून कोणी देवनागरीसाठी मनापासून तिरपं अक्षर काढायला बसलाच तर त्याला हाताच्या वळणापासून सुरुवात करावी लागेल, नुसत्या कोनानं भागणार नाही.

यावर कोणी म्हणेल, मग मराठीनं जोर द्यायचा कसा? मला वाटतं, मराठीला टाइपाची तेवढी गरज कधी पडलीच नाही. इंग्रजीत "हे मी केलं" यातल्या 'मी'वर भर हवा असेल तर लेखक तो शब्द इटॅलिक करतो, कारण वाक्यात दुसरी सोय थोडी. मराठीत "मीच केलं", "मी तर केलं", "मीही केलं", "केलं मी" असे चार वेगळे भर चार वेगळ्या अर्थांनी देता येतात. आपला 'च' हेच आपलं इटॅलिक. इंग्रजी कथेचं मराठी करताना मूळचं इटॅलिक तसंच ठेवण्याऐवजी तिथं कोणता निपात बसेल हे शोधावं, म्हणजे वाक्य मराठी होतं. वर्गात अनुवाद करताना मला याचा फार उपयोग झाला.

लिपी आणि खिळे यांची ही झटापट आपल्याकडे नवी नाही. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. सुमारे ११,००० ओव्या, भाषा मराठी आणि अक्षरं रोमन. इथल्या लिपीत पुस्तकं छापावीत अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. १६०८ च्या एका पत्रात त्यांनी अडचण लिहिली आहे की युरोपात चोवीस अक्षरांवर भागतं, इथं सहाशे साचे लागतील. ते झालं नाही. 'ख्रिस्तपुराणा'ची देवनागरी आवृत्ती छापून यायला १९५६ साल उजाडावं लागलं. ती शांताराम बंडेलू यांनी काढली. चारशे वर्षांपूर्वी त्या माणसाला जे कळलं होतं, की या लिपीला तिच्या मापाचे साचे हवेत, रोमनचे चालणार नाहीत, ते मला दोन बटणं दाबताना कळलं नव्हतं.

यंदाच्या सणाला पत्रक पुन्हा माझ्याकडेच आलं. या वेळी इंग्रजी सूचना साध्या इटॅलिकमध्ये आणि प्रतिसाद सरळ बोल्डमध्ये ठेवले. मराठीसाठी आधी फॉन्टची यादी उघडून ज्याचं बोल्ड खरोखर वेगळं रेखाटलेलं आहे असा फॉन्ट निवडला, अक्षर दोन पॉइंटांनी मोठं केलं, ओळींत जागा सोडली. मराठी सूचना तिरप्या न करता कंसात, लहान अक्षरात टाकल्या. बोल्ड इटॅलिक आख्ख्या पत्रकात एकदाच आलं: इंग्रजी जाड मथळ्यात एका स्तोत्राचं नाव होतं तिथं. छापण्याआधी एक झेरॉक्स काढून आजीला वाचायला दिली. तिनं चष्मा न लावता दोन ओळी वाचल्या, तिसरीला चष्मा मागितला.

मिस्सेत पहिली विनंती झाली आणि मी मान खाली घालून वाट बघत राहिले. पुढच्या बाकांवरून प्रतिसाद आला. सूर थोडा पुढंमागं होता, पण सगळे म्हणत होते.